‘प्रस्तुत कवितेत कवीने...’ पुरे झालं!

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, ‘कणा’ व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येते. सोबत ‘लढत राहा’चा संदेश. शाळेत मीही तिचं रसग्रहण असंच लिहिलं होतं. ‘प्रस्तुत कवितेत कवीने जिद्दीचे महत्त्व सांगितले आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.’ पैकीच्या पैकी मार्क मिळाले. कविता मात्र मी वाचलीच नव्हती.

ही दोन वाक्यं कुठल्याही कवितेला चिकटवून बघा. चिकटतात! जे वाक्य शंभर कवितांना चालतं, ते एकीबद्दलही काही सांगत नाही. आधी गाईड होतं, आता चॅटजीपीटी आहे. साचा तोच.

मग लिहायचं काय? ज्यावर कुणी वाद घालू शकेल, असं एक विधान. माझं विधान हे: ‘कणा’ ही जिद्दीची नाही, एकटेपणाची कविता आहे.

आता पुरावा द्यायला हवा, आणि तो कवितेतूनच. पुरात घर गेलेला माजी विद्यार्थी सरांकडे येतो. बायको वाचली आहे, तिच्यासोबत तो चिखल काढतोय, भिंत बांधतोय. म्हणजे सोबत आहे, तरी एकटं वाटतं असं तो स्वतःच सांगतो. कणा मोडला नाही म्हणतो, पण ‘लढ’ हा शब्द त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा आहे. तो दोनदा हसतो: एकदा पुराची गोष्ट सांगण्याआधी, एकदा सरांचा हात खिशाकडे गेल्यावर. ही दोन्ही हसणी एकच आहेत का? रसग्रहण या प्रश्नापाशी सुरू होतं.

आता उलट बाजू. कवितेचं नावच ‘कणा’ आहे, मग जिद्द कशी नाकारणार? नाकारू नका. ताठ कण्याच्या माणसालाही पाठीवर हात लागतो, एवढं दाखवता आलं तर विधान टिकलं. नाही आलं, तर विधान बदला. ओळी वाकवू नका.

‘पण पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे लागतात ना?’ लागतात, आणि ते वाईटही नाहीत. वाईट आहे ते त्यांचे तीन डबे करून प्रत्येकात पाठ केलेलं भरणं. नदीला माहेरवाशिणीची उपमा दिली आहे, हे ओळखणं म्हणजे काव्यसौंदर्य नव्हे. घर उद्ध्वस्त करणाऱ्या नदीबद्दल हा माणूस रागाने का बोलत नाही, हे विचारलंत की तिन्ही मुद्दे एकाच उत्तरात येतात.

शिक्षकांनो, तुम्हालाही एक विनंती. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ याचं एकच उत्तर फळ्यावर लिहून देऊ नका. मुलाचं मत चुकीचं वाटलं, तर ‘कुठल्या ओळीवरून?’ एवढंच विचारा.

कवितेतल्या सरांनीही घाईच केली. भिजलेले केस, चिखलाचे कपडे, पुराची हकिकत. पुरावे सगळे खरे, निष्कर्ष मात्र तयार: पूरग्रस्त म्हणजे पैसे. आपणही तेच करतो: पूर म्हणजे जिद्द. समोरचा बोलत असतो आणि आपला हात खिशातल्या ठरलेल्या उत्तराकडे गेलेला असतो.

सर शेवटी काय बोलले, हे कवीने लिहिलेलं नाही. पुढच्या २७ फेब्रुवारीला ती कविता फॉरवर्ड करण्याआधी तेवढी रिकामी जागा बघा.