घरट्यावरचा कॅमेरा आणि चौकटीबाहेरचे मालक

2025 च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील बिग बेअर तलावाकाठच्या डोंगरात, पाइनच्या एका उंच झाडावरील घरट्यात गरुडाची तीन पिले अंड्यांतून बाहेर आली. हा पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हणजे 1782 पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर विराजमान झालेला पक्षी. घरट्यावर कॅमेरा बसविलेला असल्याने नर-मादी आळीपाळीने देत असलेली ऊब, चोचीने तोडून भरविलेला माशाचा घास, पिलांची आपापसांतील हमरीतुमरी, हे सारे जगभरातील माणसे घरबसल्या पाहत होती. महिन्याच्या मध्यास हिमवादळ आले आणि एका रात्रीत तिघांपैकी एक पिलू गेले. उरलेली दोन जूनमध्ये उडाली. आदल्या वर्षी याच मादीची तीनही अंडी वाया गेली होती. तरीही बर्फाच्या वादळात ती सलग साठ तास त्यांच्यावरून हलली नव्हती.

या दृश्यांनी माणसे हेलावली, यात नवल नाही. परंतु आपल्या चळवळीतील काही साथींना हे सारे सुखवस्तू वर्गाचे चोचले वाटते. ज्याला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याने गरुडाच्या पिलांचे कौतुक करीत बसावे काय, असा त्यांचा सवाल असतो. उलट निसर्गप्रेमी मंडळी म्हणतात की, माणसाच्या मनात वन्य जीवांविषयी ममता निर्माण झाली की बाकीचे आपोआप होईल, आणि ती ममता या कॅमेऱ्याने निर्माण केली आहे. आमच्या मते ही दोन्ही मते एकाच ठिकाणी चुकतात. घरटे भरते कशाने आणि रिकामे होते कशाने, याचा विचार दोघेही करीत नाहीत.

कॅमेरा चालविणाऱ्या संस्थांचा एक नियम असतो: ढवळाढवळ करावयाची नाही. पिलू थंडीने काकडत असो वा भुकेने, वर चढून त्याला उचलावयाचे नाही. घरटी राखण्यासाठी केलेल्या तेथील कायद्यानेही विणीच्या काळात जवळ जाण्यास मनाई आहे. प्रेक्षक रडतात, विनवण्या करतात, आणि त्यांना उत्तर मिळते की निसर्गाला त्याचे काम करू द्या. हिमवादळाच्या बाबतीत हे उत्तर योग्यच आहे. माणूस झाडावर चढला तर आई-बाप घरटे सोडून जाण्याचा धोका असतो. पण महिनोन्महिने हे ऐकत आणि पाहत बसलेल्या माणसाला एक सवय लागते. पडद्यावर जे घडते ते सारे नैसर्गिक, आपण फक्त साक्षी, अशी त्याची धारणा बनते. बर्फ निसर्गाने पाडला. परंतु कीटकनाशकाचे पिंप, तलावाकाठच्या जमिनीचा भाव आणि वीज कंपनीची तार हीही जणू आकाशातूनच पडली, असे मानण्यापर्यंत ही सवय जाते. आमचा आक्षेप या सवयीला आहे, पक्षी पाहण्याला नाही.

याच गरुडाचा इतिहास पाहा. 1940 साली अमेरिकेने त्याच्या रक्षणासाठी कायदा केला. गरुडाला गोळी घालणारा गुन्हेगार ठरला. त्यानंतर 23 वर्षांनी, 1963 साली, मुख्य भूमीवरील 48 राज्यांत मिळून गरुडाच्या अवघ्या 417 जोड्या विणीला उरल्या होत्या. बंदूकवाल्याला पकडणारा कायदा विष विकणाऱ्याला हात लावीत नव्हता. महायुद्धानंतर शेतांवर, फळबागांवर, दलदलींवर विमानांतून डीडीटी फवारले गेले. ते पाण्यातून किड्यांत, किड्यांतून माशांत आणि माशांतून गरुडाच्या चरबीत साठत गेले. त्याचा परिणाम असा की मादीने घातलेल्या अंड्याचे कवच इतके पातळ होई की ती उबवायला बसली म्हणजे तिच्याच वजनाने ते फुटे. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहालयांत जपलेली जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि 1967 साली दाखवून दिले की बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे गेल्या वीस वर्षांतच हलकी झाली आहेत. कॅलिफोर्नियात 1970 च्या सुमारास बहिरी ससाण्याच्या विणीच्या दोनच जोड्या ठाऊक होत्या. त्या काळी घरट्यावर कॅमेरा असता, तर प्रेक्षकांनी काय पाहिले असते? आई आपलेच अंडे फोडते आहे, एवढेच. विष कारखान्यातून निघाले, हे कोणत्याही चौकटीत दिसले नसते.

ते दाखवून देण्याचे काम इतरांनी केले. रेचेल कार्सन यांच्या 1962 च्या ग्रंथाचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांच्यावर रसायन-उद्योगाने कसे तुटून पडावयाचे ते तुटून पडले, हेही माहीत आहे. मात्र दुसरी एक हकीकत निसर्गप्रेमींच्या पुस्तकांत क्वचितच आढळते, आणि आमच्या टीकाकार साथींनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. कॅलिफोर्नियातील डेलानो येथे 8 सप्टेंबर 1965 रोजी द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. काही दिवसांतच सेझर चावेझ यांच्या संघटनेतील मेक्सिकन वंशाचे मजूर त्यांना येऊन मिळाले. संप पाच वर्षे चालला. शहरांतल्या गिऱ्हाइकांनी द्राक्षांवर बहिष्कार टाकावा म्हणून हे मजूर दूरदूरच्या बाजारपेठांत जाऊन उभे राहिले. त्यांची मागणी वाढीव मजुरीची होती, तशीच फवारणीपासून संरक्षणाचीही होती. कारण ते विष आधी त्यांच्या अंगावर पडत होते. 1970 च्या जुलैत मळेवाले नमले. तेव्हा झालेल्या करारांत द्राक्षमळ्यांत डीडीटी वापरण्यास मनाई करणारे कलम होते. केंद्र सरकारने देशव्यापी बंदीचा हुकूम काढला तो जून 1972 मध्ये. म्हणजे वॉशिंग्टनच्या आधी दोन वर्षे, ज्यांना स्वतःचे घरही नव्हते अशा मजुरांनी ते लिहून घेतले होते. कष्टकऱ्याला गरुडाशी काय देणेघेणे, असे विचारणाऱ्यांना याहून निराळे उत्तर आम्ही काय द्यावे?

2019 सालच्या मोजणीवरून काढलेला विणीच्या जोड्यांचा अंदाज 71 हजारांवर गेला आहे. ममतेने हे घडले असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे; ममता 1940 सालीही होती. मधल्या काळात बदलले ते हे की विष विकण्याचा मालकाचा हक्क कायद्याने काढून घेतला गेला.

तोही पुरता नाही. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स येथील माँट्रोज कंपनीच्या कारखान्यात 1947 पासून डीडीटी तयार होत होते. 1972 च्या बंदीनंतर तो बंद पडला असेल, असे वाचकांना वाटेल. तो 1982 पर्यंत चालला. माल परदेशी पाठविला जात असे. आपल्या गरुडाला जे घातक ठरले ते दुसऱ्याच्या देशात विकण्यास हरकत नव्हती! कारखान्याचे सांडपाणी गटारांतून समुद्रात गेले आणि तळाशी साचले. किनाऱ्यासमोरील बेटांवर 1980 पासून गरुड पुन्हा आणून सोडण्यात आले, पण समुद्रातला मासा खाऊन त्यांची अंडी फुटतच राहिली. शास्त्रज्ञ कड्यांवर चढून खरी अंडी काढून घेत, त्यांच्या जागी नकली ठेवीत, खरी यंत्रात उबवीत आणि पिलू परत घरट्यात नेऊन सोडीत. माणसाच्या मदतीवाचून तेथे पिलू जन्मले ते 2006 साली. सरकारने 1990 मध्ये भरलेल्या खटल्यात कंपन्यांकडून व इतर जबाबदार पक्षांकडून सुमारे 14 कोटी डॉलर वसूल झाले, तेही अकरा वर्षांनी. आज त्या बेटांवरील घरट्यांवरही कॅमेरे आहेत, आणि प्रेक्षक तेथील निसर्गाच्या निर्मळपणाची वाखाणणी करीत असतात.

(डीडीटीने हिवतापाच्या निर्मूलनात मोठे काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही, वाद शेतांवरील बेसुमार फवारणीचा आहे. आपल्याकडे हे द्रव्य सरकारी मालकीची हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स कंपनी रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही बनवीत असे, आणि शेतीतील त्याचा वापर थांबवायला 1989 साल उजाडावे लागले. कारखाना सार्वजनिक क्षेत्रातला होता म्हणून आपण तेव्हा पुरेसे बोललो नाही, असे कोणी म्हटल्यास त्याला झिडकारू नये.)

कॅमेऱ्याचा दुसरा उपयोगही मालकवर्गाला कळून चुकला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या 33 व्या मजल्यावर बहिरी ससाण्यांचे घरटे होते आणि त्यावर कॅमेरा होता. तो चालवीत होते विद्यापीठातले संशोधक, आणि त्यांच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ससाण्याच्या पिलांबरोबर लोकांच्या मनात कोणाचे नाव रुजत होते? 2018 च्या नोव्हेंबरमध्ये याच कंपनीच्या जुनाट तारांतून ठिणगी पडली, पॅराडाइझ नावाचे गाव जळाले आणि 85 माणसे मेली. जून 2020 मध्ये 84 जणांच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कंपनीने न्यायालयात कबूल केला. कायद्याने देता येण्याजोगा कमाल दंड होता सुमारे 35 लाख डॉलर. कंपनीचा एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. त्या तारांच्या खांबांवर कॅमेरा लावण्याचे कोणाला सुचले नव्हते.

आता पुन्हा बिग बेअरकडे वळू. ते घरटे राष्ट्रीय वनात, म्हणजे सार्वजनिक जमिनीवर आहे. परंतु गरुड केवळ घरट्यात राहत नाही. त्याला तलाव लागतो, तलावाकाठी टेहळणीला बसण्यासाठी उंच झाडे लागतात. त्याच काठावर फॉनस्किन गावानजीक सुमारे 62 एकरांचा खाजगी तुकडा आहे. त्यावर पन्नास घरांचे भूखंड आणि नौकांसाठी धक्का बांधण्याच्या योजनेला जिल्हा प्रशासनाने 2020 साली मंजुरी दिली. कॅमेरा चालविणारी स्थानिक संस्था आणि तिचे सहकारी न्यायालयात गेले. कोर्टकचेऱ्यांत काही वर्षे गेल्यावर मार्ग निघाला तो कोणता? ती जमीन मालकाकडून विकत घेण्यासाठी 1 कोटी डॉलर जमवावयाचे, आणि ते द्यावयाचे प्रेक्षकांनी.

वर्गणी देणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही खिशात हात घातला असता. तथापि व्यवहाराचे स्वरूप पाहा. गरुडावरील प्रेमापोटी तो तुकडा वाचविणे लोकांना जितके निकडीचे झाले, तितके मालकाचे पारडे जड झाले. लोकांच्या आसवांचे मोल अखेर मालकाच्या खात्यावर जमा व्हावयाचे. पुढच्या तलावाकाठी पुढचा मालक हेच करील, आणि ज्या घरट्यावर कॅमेरा नाही तेथील पक्ष्यांसाठी कोणी झोळी फिरविणार नाही. सार्वजनिक कामासाठी जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार अमेरिकेतील सरकारांना आहे. महामार्गांसाठी तो बिनदिक्कत वापरला गेला. गरुडासाठी मात्र भूतदयेचा डबा पुढे करण्यात येतो, आणि हाच जणू सृष्टीचा नियम असे सर्वजण मानून चालतात.

आपण हसू नये, कारण आपली कहाणी अधिक भीषण आहे. 1990 नंतरच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्याण्णवांहून अधिक गेली. माना टाकून बसलेली गिधाडे पाहून बऱ्याच जाणकारांना प्रथम एखाद्या साथीची शंका आली. निसर्गाचे काम! 2004 साली कारण सिद्ध झाले: गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या मूत्रपिंडात जात होते. गिधाडे गेल्यावर उघड्यावर सडणारी मढी, माजलेली कुत्री आणि दूषित पाणी यांची किंमत माणसांनी मोजली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने 2000 ते 2005 या काळातील जादा मृत्यूंचा अंदाज पाच लाखांच्या घरात दिला आहे. हे मृत्यू कोणाच्या वाट्याला आले असतील, हे या पत्राच्या वाचकांना सांगावयास नको.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या औषधाच्या 30 मिलीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचू लागल्या. एका माणसाला लागणाऱ्या सुईसाठी तेवढी बाटली कशाला, हे कोणालाही कळत होते. तरी ती 3 मिलीवर आणायला 2015 उजाडले. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरील बंदीला 2023 साल लागले. हरियाणातील पिंजोर येथे पिंजऱ्यात गिधाडांची पैदास करतात; तेथील घरट्यांवरही कॅमेरे आहेत. मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते पिलू मोठे करून मोकळे सोडले तर बाहेरचे पहिले मढे त्याला तारील की मारील, हे गावच्या गोठ्यात कोणती सुई टोचली गेली यावर ठरणार आहे.

गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध आहे. ते प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात शेतकऱ्याला मोफत मिळावे आणि बंदी असलेली औषधे विकणाऱ्या दुकानांची तपासणी व्हावी, ही मागणी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन समितीपुढे मांडता येते. आपल्या किती शाखांनी ती मांडली आहे?