गलबतांची मोजदाद कोण करणार?

अजिंठ्याच्या लेण्यात सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी कुणा अनाम चित्रकाराने रेखाटलेले जहाज डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून खरोखरीच समुद्रात शिरले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले, ही वार्ता आमच्या वाचकांनी कौतुकाने वाचली असेलच. ‘कौंडिण्य’ हे त्याचे नाव. ते गोव्यात बांधले गेले. बाबू शंकरन यांच्या हाताखालील केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवल्या. आणि २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ते नौदलात दाखल झाले. याचा अभिमान कुणास वाटला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. तथापि या प्रकरणातील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटणारी गोष्ट सोहळ्याच्या वृत्तांतांत फारशी कुणी उचलली नाही. ती ही की, या जहाजाचा एकही मूळ नकाशा कुणाजवळ नव्हता. भिंतीवरचे चित्र एकाच अंगाने काढलेले. तळ किती रुंद, पोट कोठे वळते, पाण्यात किती बुडते, हे चित्र सांगत नाही. नौदलाच्या रचनाकारांना ते सारे गणिताने नव्याने सिद्ध करावे लागले, मद्रासच्या आय.आय.टी.तील सागर अभियांत्रिकी विभागाच्या साह्याने प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या, आणि मगच लाकडास हात लागला.

पंधराशे वर्षांचा काळ लोटल्यावर असे व्हावे यात नवल नाही. नवल याचे आहे की, आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गलबतांचीही हीच गत होऊ घातली आहे. मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी या पट्ट्यातील मिस्त्रींनी पाडाव, मचवे आणि गलबते बांधली ती कागदावाचून. सूत, ओळंबा आणि नजर एवढ्यावर. कोणते वाकडे झाड कोणत्या फासळीस शोभेल हे ते रानात उभे असतानाच ओळखणारी ही माणसे होती. इंग्रजांची रीत निराळी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे नकाशे विलायतेहून ज्या जहाजावर पाठविले होते ते १८१२ च्या लढाईत अमेरिकनांच्या हाती सापडून बुडाले, तेव्हा दुसरा संच येईपर्यंत थांबावे लागले. ती नौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. आमच्या मिस्त्रींना नकाशाची वाट पाहावी लागत नसे, हे त्यांचे सामर्थ्य. पण ते गेल्यावर मागे काहीच उरत नाही, हा त्याच सामर्थ्याचा दंड. आज किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्या हलक्या आहेत, त्यांची डागडुजी कमी, मच्छीमाराने त्या घेतल्या तर त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र लाकडी नौका बांधणारे हात त्यामुळे थोडेच उरले आहेत, आणि जे आहेत ते थकलेले आहेत.

यावर उपाय आहे, आणि तो आवाक्यातला आहे: नौकेचे तपशीलवार संगणकीय प्रतिरूप. हा शब्द ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पडद्यावर गरगर फिरणारे एखादे शोभेचे चित्र येते. तसले चित्र आम्हांस अभिप्रेत नाही. नौकेच्या सर्व अंगांची शेकडो छायाचित्रे एकमेकांवर सरकवून अथवा लेसरच्या किरणाने मोजून तिचा बाह्य आकार मिळतो; ती केवळ सुरुवात. खरे काम त्यानंतरचे. प्रत्येक फळी, प्रत्येक फासळी, तिची जाडी, तिचा सांधा, खिळा कोठे व काथ्या कोठे, हे सुटे सुटे नोंदवून तीच नौका संगणकात पुन्हा लाकूडलाकूड बांधायची. मग कोणत्या लाकडाचे वजन किती हे सांगितले की गुरुत्वमध्य कोठे, रिकामी असता किती बुडेल, माल भरल्यावर किती, तोल राखण्यास तळाशी नीरम किती हवे, हे सारे गणित करून पाहता येते. वेल्सातील न्यूपोर्ट येथे २००२ साली चिखलात सापडलेल्या पंधराव्या शतकातील जहाजाचे एकेक लाकूड असेच मोजण्यात आले, त्यांवरून दशांश मापाचे तुकडे छापून घेण्यात आले, आणि ते तुकडे जुळविताना जहाजाने आपला मूळ आकार आपणच दाखविला.

सूक्ष्म मोजणीने काय उजेडात येते याचे याहूनही मौजेचे उदाहरण स्वीडनचे आहे. ‘वासा’ हे राजाचे लाडके जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरही न जाता बुडाले आणि १९६१ साली वर काढले गेले. त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत असे मोजणीत आढळले. सुतारांच्या मोजपट्ट्याही जहाजात सापडल्या. काहींचा फूट बारा इंची, काहींचा अकरा इंची! एकाच जहाजावर दोन देशांचे फूट चालू होते. सीमाभागात राहणाऱ्यांना यात हसू येईल की उसासा, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

आता कुणी विचारील, हे सारे बेळगाव-निपाणीकरांना कशासाठी? घाटमाथ्यावरून काही समुद्र दिसत नाही. दिसत नाही हे खरे, पण त्याच्याशी असलेला संबंध काल-परवाचा नव्हे. खानापूर तालुक्यातील हलशी आणि मांडवी-जुवारीचा किनारा एकाच कदंब राजवटीखाली नांदत होता, आणि कारवारच्या नाविक तळास कदंबांचेच नाव आहे. पुढे इंग्रजी अमदानीत बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. छावणीचा सरंजाम तेथे उतरून आंबोलीच्या वाटेने वर येई, आणि घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी खाली जाऊन गलबतांत भरला जाई. १८८० च्या दशकात बेळगावास आगगाडी आली, मुरगावचा लोहमार्ग झाला, आणि वेंगुर्ल्याची गजबज ओसरली. ज्या नौकांवर या प्रदेशाचा व्यापार तरला त्यांपैकी एकीचे तरी पुरे माप बेळगावात असावे, ही अपेक्षा अवास्तव खचितच नाही.

शिवाय हे काम करण्यास लागणारे हात येथेच आहेत. उद्यमबागेतील ओतकाम कारखान्यांसाठी लाकडी पॅटर्न घडविणाऱ्या कारागिरांनी दोन-तीन पिढ्या हेच केले: वक्र पृष्ठभाग डोळ्याने जोखायचा आणि मापात उतरवायचा. त्यांचीच मुले आता पॅटर्न संगणकावर रेखाटतात. हत्तरगीच्या कारखान्यांत विमानाचे सुटे भाग घडतात, तेही संगणकीय प्रतिरूपावरूनच. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आहे. बेळगाव व निपाणी येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी तेथील शेकडो विद्यार्थी पदवीपूर्वीचा प्रकल्प म्हणून तेच ते पंप आणि तीच ती गिअरपेटी कागदावर उतरवितात. त्यांतील चौघांनी एक मचवा उतरविला तर विद्यापीठाच्या कोणत्या नियमास बाध येईल, हे आम्हांस समजत नाही.

एका गोष्टीचा मात्र आमचा आग्रह राहील. प्रतिरूपातील प्रत्येक भागास नाव द्यावे लागते. ते काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविले की इंग्रजी नावे आपोआप येऊन बसतात आणि मग तीच कायमची होतात. डोलकाठी, परबाण, सुकाणू, नाळ ही निदान कानावरून गेलेली नावे. पण तळाच्या कणा-लाकडास पठाण म्हणतात आणि फासळीस वाक, हे आज किनाऱ्यावरच्या तरुणासही ठाऊक असेलच असे नाही. हे शब्द कोशांत पडून आहेत, परंतु कोशातला शब्द नेमक्या कोणत्या लाकडाचा, हे बोट ठेवून दाखविणारा मिस्त्रीच हवा. कारवारकडचे कारागीर जी कोंकणी आणि कानडी नावे वापरतात तीही शेजारी लिहावीत. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तेथे चालेल तसा चालो. त्याचा निकाल लागेपर्यंत डोलकाठीला दोन नावे राहिली म्हणून कुणाचेही गाव इकडचे तिकडे होणार नाही.

खर्चाची सबब पुढे येईल. छायाचित्रांवरून मोजणी करण्यास चांगला कॅमेरा आणि महाविद्यालयात आधीच असलेले संगणक पुरतात. लेसरयंत्र काही दिवसांपुरते भाड्याने घेता येते. दुर्मीळ आहे तो मिस्त्रीचा वेळ, आणि त्याचा मोबदला मानधन म्हणून नव्हे तर मजुरी म्हणून, त्याच्या दराने, रोख द्यावा. जून आणि जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. नौका ओढून घेऊन वाळूवर शाकारलेल्या असतात, त्यांचे तळ उघडे आणि कोरडे असतात, आणि मिस्त्री डागडुजीसाठी त्यांच्यापाशीच सापडतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. मोजपट्टी घेऊन घाट उतरायचा असेल तर तो त्याआधी उतरावा लागेल.