शेंद्र्याची ऑक्टाव्हिया आणि वळणावरचे 'डिफरन्शियल'

उस्मानपुरा (छत्रपती संभाजीनगर) : ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने 'ऑक्टाव्हिया आरएस' ही वेगवान मोटार भारतात पुन्हा आणली. गाड्या अवघ्या १०० आणि किंमत ४९ लाख ९९ हजार रुपये. या सर्व गाड्या संपूर्ण तयार स्थितीत आयात झाल्या. ज्या शहराच्या वेशीवर, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडली गेली, त्या शहराचा हात या गाडीला लागला नाही. २६५ अश्वशक्ती आणि ६.४ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग, या आकड्यांची चर्चा भरपूर होते. परंतु ही सगळी ताकद पुढच्या दोनच चाकांवर येत असताना गाडी वळणावर सरळ का निघून जात नाही, याचे उत्तर ज्या भागात दडले आहे, त्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या 'लिमिटेड स्लिप डिफरन्शियल'विषयी फारसे बोलले जात नाही.

डिफरन्शियल ही आपल्याला अपरिचित वस्तू नव्हे. उस्मानपुऱ्याच्या चौकात वळणाऱ्या प्रत्येक रिक्षाच्या मागच्या आसावर ते असते. काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. चाकांमध्ये दीड मीटरचे अंतर असलेल्या मोटारीत हा फरक सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर भरतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर एक टायर घासत जाईल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते आणि जोर मात्र दोघांना समान वाटते.

हीच समान वाटणी पुढे अडचणीची ठरते. पावसाळ्यात रिक्षाचे एक चाक चिखलात गेले की ते गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे ढिम्म हलत नाही. कारण निसटणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. मराठवाड्यातील ट्रॅक्टरचालकाला यावरचा उपाय ठाऊक आहे. काळ्या रानात चाक रुतले की तो 'डिफरन्शियल लॉक'चा पेडल दाबतो आणि दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात. मात्र लॉक लावून वळायचे नसते, हेही त्याला कोणी सांगावे लागत नाही.

वेगवान मोटारीला नेमके वळणावरच हे कुलूप हवे असते. वळताना गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते, आतले चाक हलके होते आणि ॲक्सिलरेटर दाबताच तेच आधी घसरते. समजा, आतल्या चाकाला ३०० न्यूटन-मीटर जोर पेलतो आणि बाहेरच्याला १,२००. साध्या डिफरन्शियलमधून दोघांना ३०० प्रमाणे मिळून ६०० च रस्त्यावर उतरतील. बाहेरच्या चाकाची बाकीची पकड फुकट जाईल. चकत्यांचा किंवा खास दातेरी गिअरचा वापर करणारी यांत्रिक उपकरणे यासाठी पूर्वीपासून आहेत. पण त्यांचा स्वभाव कारखान्यातच ठरतो. ती चाकांच्या हालचालीला प्रतिसाद देतात. चालकाच्या मनात काय आहे, हे त्यांना कळत नाही.

फोक्सवॅगन समूहाने २०१३ मध्ये गोल्फ जीटीआयमध्ये आणलेल्या यंत्रणेत डिफरन्शियलची पेटी आणि उजव्या चाकाकडे जाणारा दांडा यांच्यामध्ये अनेक चकत्यांचा क्लच बसवला आहे. प्रत्येक चाकाची गती, स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ही माहिती नियंत्रक सतत वाचत असतो. गरज भासताच विजेवर चालणारा छोटा पंप तेलाचा दाब निर्माण करतो, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि आतल्या चाकाचा वाया जाणारा जोर बाहेरच्या चाकाकडे वळतो. कमाल १,६०० न्यूटन-मीटरपर्यंत. चाक प्रत्यक्ष घसरण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि गाडी अजून वळणात शिरतच असेल, बाहेरचे चाक आतल्यापेक्षा वेगाने फिरत असेल, तर क्लच मोकळा ठेवणेच शहाणपणाचे असते. त्या क्षणी तो आवळला तर जोर उलट आतल्या चाकाकडे जाईल आणि गाडी वळायला नकार देईल. कधी आवळायचे यापेक्षा कधी सोडायचे, हे कळणे ही इलेक्ट्रॉनिक्सची खरी कमाई आहे. फेरारीने २००४ च्या एफ-४३० मध्ये, तर बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-५ मध्ये मागच्या आसावर हेच तत्त्व वापरले.

ग्राहकाने सावध राहावे अशी जागा इथेच आहे. अनेक गाड्यांच्या माहितीपत्रकात 'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल' असे शब्द असतात. त्यातील बहुतेकांत वेगळा क्लच नसतोच. आतल्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे ढकलला जातो. एबीएसचीच यंत्रणा वापरली जात असल्याने हा उपाय स्वस्त पडतो. रोजच्या वापराला तो पुरेसाही आहे. पण त्यात इंजिनाने निर्माण केलेली शक्ती ब्रेकच्या उष्णतेत खर्ची पडते. घाटात सलग गाडी पळवली की ब्रेक तापतात. नाव एक, वस्तू दोन. विक्रेत्याला विचारण्याचा प्रश्न साधा आहे : यात क्लच आहे की ब्रेक?

आता शेंद्र्याकडे वळू. साधी ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये बंद झाली. हे डिफरन्शियल असलेली 'आरएस २४५' फेब्रुवारी २०२० मध्ये ३५ लाख ९९ हजार रुपयांना आली, तीही तयार आयात आणि केवळ २०० गाड्या. वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत भारतात स्वतंत्र मान्यता-चाचणी न घेता आयातीची मुभा २०१८ पासून मिळाल्याने कंपन्यांना ही वाट सोयीची झाली. तंत्र अवघड म्हणून जोडणी इथे होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. एप्रिल २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी कोडियाक शेंद्र्यातच जोडलेली. तिच्या फोर-बाय-फोर यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये अशाच जातीचा, तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असतो. आरएसच्या बाबतीत अडचण संख्येची आहे. १०० गाड्यांसाठी कोणी जोडणीची व्यवस्था उभी करत नाही आणि ५० लाखांच्या घरातील किमतीत संख्या वाढत नाही.

दरम्यान, हा क्लचही कायमचा नाही. ऑडीच्या २०२० मधील विद्युत 'ई-ट्रॉन एस'मध्ये मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी दिल्या; मधले डिफरन्शियलच काढून टाकले. तिथे जोराची वाटणी निव्वळ सॉफ्टवेअर करते. बिडकीनमध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि जेएसडब्ल्यू यांच्या विद्युत वाहनांशी संबंधित प्रकल्पांच्या घोषणा २०२४ मध्ये झाल्या. त्या गाड्यांचे हे सॉफ्टवेअर कुठे लिहिले जाणार, हे त्या घोषणांतील गुंतवणुकीच्या आणि रोजगाराच्या आकड्यांवरून समजत नाही.