पारानचा वाद आणि बीबी हाजरांचे पाणी

पारान कोठे आहे, या प्रश्नावर आमच्या जलशांतून वक्त्यांचे घसे जितके कोरडे झाले, तितके बीबी हाजरांच्या तहानेवर बोलताना कधी झाले नाहीत. तौरातमधले पारान म्हणजेच मक्का, हे एकदा सिद्ध झाले की टाळ्या पडतात, नाऱ्यांनी मांडव दणाणतो आणि लोक समाधानाने घरी जातात. काही जिंकले गेले, असे सर्वांना वाटते. आमचा प्रश्न एवढाच आहे : नेमके काय जिंकले?

आधी मूळ प्रकरण पाहू. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या ग्रंथात (अध्याय 21) हाजरा आणि इस्माईल यांना भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन घराबाहेर काढले जाते. बैर-शेबाच्या रानात पाणी संपते, पोर रडते, विहीर दिसते. पुढे तो मुलगा पारानच्या वाळवंटात वाढतो, तिरंदाज होतो. याच पारानचे नाव नंतर अनुवाद ग्रंथात (33:2) येते. तेथे ईश्वराचे तेज सीनाय, सेईर आणि पारान पर्वत या तीन नावांशी जोडले आहे. आमचे वक्ते सांगतात, सीनाय म्हणजे हजरत मूसा, सेईर म्हणजे हजरत ईसा आणि पारान म्हणजे आमचे रसूल (स.). त्याच ओळीतल्या असंख्य पवित्र जनांच्या उल्लेखात मग फतह-ए-मक्काच्या वेळचे दहा हजार सहाबा मोजले जातात.

हा युक्तिवाद आजचा नाही. मुस्लिम विद्वान तो हजार वर्षांहून अधिक काळ मांडत आले आहेत. भूगोलकार याकूत यांनी फारान हे मक्केचेच एक नाव म्हणून नोंदवले. आपल्या देशात त्याला धार आली ती इंग्रजी अमलात. 1854 साली आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी पाद्री फँडरशी मुनाझरा केला. विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने पैगंबरचरित्र लिहून मक्केशी इस्माईलचा असलेला संबंधच नाकारला, तेव्हा सर सय्यद अहमद खान लंडनला गेले आणि 1870 मध्ये त्यांनी त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. पारान हिजाझमध्येच, असा त्यात त्यांचा दावा होता. राज्यकर्ता आणि धर्मप्रचारक एकाच बाकावर बसून तुमच्या नबींची वंशावळ खोडत असतील, तर उत्तर द्यावेच लागते. त्या पिढीच्या हिमतीला आमचा सलाम आहे.

पण ती हिंमत होती म्हणून तो पुरावा पक्का ठरत नाही. त्याच बायबलची बाकीची पाने उलटावीत. गणना ग्रंथात बनी इस्राईल सीनायच्या रानातून निघून पारानच्या रानात उतरतात. तेथून कनान पाहायला हेर जातात आणि परत येतात ते पारानमधल्या कादेशला. राजांच्या पहिल्या ग्रंथात (11:18) अदोमचा हदाद मिद्यानहून निघतो, पारानमध्ये माणसे सोबत घेतो आणि मिसरला पोचतो. अकबाच्या आखातापासून मक्का दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटर. मिद्यानहून मिसरला जाणारा माणूस मक्केवरून कशाला जाईल? या साऱ्या वाटा सीनाय आणि नेगेव यांच्या आसपासच फिरतात. सीनायमध्ये आजही वादी फैरान आहे. त्या ओळीतल्या पवित्र जनांबद्दल बोलायचे, तर जुन्या ग्रीक अनुवादात तेथे कादेश हे गावाचे नाव वाचलेले आहे. शिवाय एकच गोष्ट दोन-तीन नावांनी फिरवून म्हणणे ही हिब्रू काव्याची रीतच. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायात तेमान आणि पारान अशीच जोडीने येतात. तीन नावे म्हणजे तीन धर्म, हे त्या काव्यातून निघत नाही, आपण ते त्यात घालतो.

यावर आम्हाला विचारले जाईल, मग सूरह आराफच्या 157 व्या आयतीचे काय? तौरात आणि इंजीलमध्ये रसूलांचा उल्लेख असल्याचे ती सांगतेच ना? सांगते, आणि त्यावर आमचा ईमान आहे. पण तो उल्लेख पारानच्या ओळीत आहे, असे ती कोठेही म्हणत नाही. कुरआनात पारान हा शब्दच नाही. सूरह इब्राहिममध्ये (14:37) पीक नसलेल्या खोऱ्याचा आणि अल्लाहच्या घराचा उल्लेख आहे, आणि मोमिनाला तेवढा पुरतो. मक्केची थोरवी दुसऱ्यांच्या ग्रंथातल्या एका स्थलनामावर टांगून ठेवायची गरज कमजोर ईमानाला वाटते, मजबूत ईमानाला नाही.

समोरची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हाजरेला अरबस्तानातल्या सीनाय पर्वताशी जोडले आणि गुलामगिरीचे रूपक करून टाकले. आम्ही तिला नकाशावरची खूण केली. दोन्हीकडे बाई हरवली.

ती बाई काय होती, ते ग्रंथच सांगतात. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात ही मिसरी दासी ईश्वराला स्वतःहून नाव देते : पाहणारा. तिथल्या विहिरीच्या नावाचा अर्थ होतो, मला पाहणाऱ्या जिवंताची विहीर. इस्माईल या नावाचा अर्थ, ईश्वर ऐकतो. पारानच्या रानात तीच मुलाचे लग्न लावते, सून आणते आपल्या मिसर देशातून. बुखारी शरीफमधल्या हदीसमध्ये तर ती पाण्याची मालकीण आहे. जुरहुम टोळी जमजमपाशी मुक्कामाची परवानगी मागते. ती परवानगी देते, मात्र पाण्यावर तुमचा हक्क नाही, ही अट घालून. टोळी अट मान्य करते. मक्केची वस्ती एका एकट्या बाईच्या परवानगीने उभी राहिली आहे!

आणि तिला घराबाहेर काढण्याचे कारण? उत्पत्ती 21:10 उघडून पाहावे. दासीच्या मुलाला वारसा मिळू नये, हे कारण तेथे स्पष्ट लिहिले आहे. पारानची कथा सुरू होते ती वारसाहक्काच्या भांडणातून. हे वाक्य आमच्या एकाही तकरीरीत कोणी का वाचत नाही? कारण ते वाचले, तर बोट मांडवातल्या माणसांकडे वळते. सूरह निसाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला, पण गावोगाव बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि तिने सही केली की भाऊ तिला साडी देतात. सूरह बकराच्या 241 व्या आयतीत तलाकशुदा स्त्रीला रीतसर काही देणे हे परहेजगारांचे कर्तव्य म्हटले आहे, आणि तरीही 1985 मध्ये शाहबानोला आणि 2024 मध्ये तेलंगणातल्या एका भगिनीला पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंतची लढाई झेलावी लागली.

हजरत इब्राहिम (अ.स.) यांची बरोबरी आम्ही कोणा नवऱ्याशी करत नाही. ते अल्लाहच्या हुकुमाने गेले, आणि हुकूम आहे हे कळल्यावरच हाजरा तेथे थांबल्या. आजचा नवरा कोणाच्या हुकुमाने बायको-पोरे वाऱ्यावर सोडतो? त्याने तो हुकूम दाखवावा.

सफा आणि मरवाच्या दरम्यान बीबी हाजरा सात वेळा धावल्या, म्हणून आज लाखो हाजी धावतात. तेथल्या हिरव्या दिव्यांमधल्या टप्प्यात पुरुषांनी धावायचे असते, बायकांनी चालायचे. म्हणजे पुरुष वर्षानुवर्षे एका बाईचीच धाव धावत आहेत. धावताना तिच्या हक्काचा विचार मनात येत नसेल, तर त्या धावण्याला काय म्हणावे?

पारान हिजाझमध्ये की सीनायमध्ये, याचा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा, त्याला आमची ना नाही. जलसा भरवणाऱ्यांना मात्र आमची एक विनंती आहे. पुढच्या वर्षी पारान हा विषय ठेवाल, तेव्हा वक्त्याला नकाशा आणायला सांगू नका. गावातल्या किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली आणि किती तलाकशुदा बायका माहेरच्या ओसरीवर दिवस काढत आहेत, याची यादी आणायला सांगा, आणि ती मांडवात मोठ्याने वाचा.