लक्षणे बरी दिसत नाहीत

जुलै महिना सरत आला की अमेरिकेतील क्रीडापत्रकारितेत एका विशिष्ट गद्यप्रकाराला भरती येते. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या व्यावसायिक संघटनेतील ३२ संघ आपापल्या हंगामपूर्व सराव-शिबिरांत दाखल होतात. (हा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट आणि पॅड चढवून खेळला जाणारा, पेले-मॅराडोनाचा नव्हे.) खरे सामने सप्टेंबरात. तोपर्यंत ना निकाल, ना गुणतक्ता. वाचकाची भूक मात्र रोजची. अशा वेळी वार्ताहराने लिहावे तरी काय? तो खेळाडू कसे दिसतात ते लिहितो. अमका पंधरा पौंड उतरवून आला आहे आणि चपळ दिसतो. तमका सुट्टीत सुस्तावलेला दिसतो. तिसरा आयुष्यातल्या सर्वोत्तम प्रकृतीत दिसतो, चौथा पहिल्या दिवसापासून भुकेलेला दिसतो. नावे बदलतात, क्रियापद बदलत नाही.

या गद्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्ष करावे असा एक शिष्ट संकेत आहे. तो आम्हाला मान्य नाही. कोट्यवधी लोक रोज जे गद्य वाचतात त्यातून त्यांची पाहण्याची रीत घडते. आणि पाहण्याची रीत हा जर साहित्यविचाराचा विषय नसेल तर मग आपण वर्गात शिकवतो ते काय? प्रस्तुत लेखातील आमचा आक्षेप स्पष्ट आहे. सराव-शिबिराचे हे गद्य शरीराचे वर्णन करीत असल्याचा आव आणते. वस्तुतः ते शीलाचा निवाडा करीत असते. आणि हा निवाडा निरुपद्रवी नाही.

मराठीत ‘लक्षण’ या शब्दाला एक विलक्षण दुहेरीपणा आहे. ‘त्याची लक्षणे बरी दिसत नाहीत’ हे वाक्य रोग्याच्या उशाशी बसलेला वैद्य उच्चारतो, आणि शेजारच्या वाया चाललेल्या मुलाविषयी आळीतला वडीलधाराही उच्चारतो. एकाला आजार दिसत असतो, दुसऱ्याला चारित्र्य. ऐकणाऱ्याला संदर्भावरून अर्थ कळतो. सराव-शिबिराच्या भाषेत मात्र पहिला अर्थ पुसला गेला आहे, दुसराच तेवढा उरला आहे. धाप लागणे, वाकून गुडघ्यांवर हात टेकणे, वांती होणे, पाय लटपटणे ही सारी तेथे शीलाची लक्षणे आहेत. धाप लागली म्हणजे सुट्टीत मेहनत केली नाही. मागे पडला म्हणजे इच्छाशक्ती कमी पडली. आजार ही शक्यताच त्या व्याकरणात बसत नाही.

हे तात्त्विक वाटत असेल, तर कोरी स्ट्रिंगरचे उदाहरण घ्यावे. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाच्या आक्रमक फळीतला हा टॅकल. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अंगावर घेऊन थोपवणे हे त्याचे काम. वय २७, वजन सुमारे ३३५ पौंड, म्हणजे दीडशे किलोंहून अधिक. आदल्याच हंगामात त्याची निवड प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी झाली होती. त्याचे वजन हा त्याच्या साऱ्या कारकिर्दीत लोकांच्या तोंडी असलेला विषय होता. किती वाढले, किती उतरले, या वर्षी कसा दिसतो. ३० जुलै २००१ रोजी मॅन्केटो येथील शिबिरात उष्म्यामुळे त्याला सराव पुरा करता आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे थकून वाकलेल्या अवस्थेतील छायाचित्र वर्तमानपत्रात झळकले. त्या छायाचित्राने तो दुखावला होता आणि आज सराव पुरा करायचाच असा त्याचा निर्धार होता, असे नंतरच्या वृत्तांतांतून नोंदवले गेले आहे. ३१ जुलैच्या सकाळी उष्म्याचा निर्देशांक शंभर अंश फॅरनहाइटच्या पुढे असताना, पॅड आणि हेल्मेटसह, वांत्या होत असतानाही त्याने सराव पुरा केला. नंतर तो कोसळला. रुग्णालयात पोचला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान १०८ अंश फॅरनहाइटच्या वर गेले होते. १ ऑगस्टच्या पहाटे, दोन वाजण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू झाला.

त्या छायाचित्रकाराने असत्य काही टिपले नव्हते. किंबहुना त्या दिवशी मॅन्केटोतून बाहेर आलेल्या मजकुरात सर्वांत खरे कदाचित तेच असेल. एक माणूस संकटात होता आणि चित्रात ते दिसत होते. परंतु ज्या वाचनसंस्कृतीत ते छापले गेले तिला असे चित्र एकाच रीतीने वाचता येत होते. बातमीदार, चाहते, प्रशिक्षक यांचे सोडा. स्वतः स्ट्रिंगरनेही ते तसेच वाचले. स्वतःच्या शरीरातली धोक्याची सूचना त्याला स्वतःची बेअब्रू वाटली, आणि बेअब्रूवरचा उपाय म्हणून तो पुन्हा उन्हात उतरला. दिसण्याच्या समीक्षेचा याहून संपूर्ण विजय कोणता असू शकतो?

आणि गंमत अशी, म्हणजे ज्यात हसण्यासारखे काही नाही अशी गंमत, की या बाबतीत दिसण्यावर विसंबणे शास्त्रीयदृष्ट्याही निरर्थक आहे. श्रमजन्य उष्माघातात मारक ठरते ते शरीराच्या गाभ्याचे तापमान, आणि ते कातडीवर लिहिलेले नसते. माणूस घामाने निथळत असतानाही ते चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असू शकते. चिडचिड, गोंधळलेले बोलणे, झोकांड्या या खुणा दिसतात. पण त्या तापट स्वभावाच्या किंवा आळसाच्या खुणा म्हणून सहज खपून जातात. रोग्याला जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवून अर्ध्या तासात तापमान खाली आणले तर तो जवळजवळ निश्चित वाचतो. म्हणजे प्रश्न असा असायला हवा : थर्मामीटर कुठे आहे? पाण्याची टाकी मैदानापासून किती अंतरावर आहे? हे प्रश्न नीरस आहेत. ‘भुकेलेला दिसतो’ या वाक्याची झिंग त्यांत नाही. त्यामुळे ते विचारले जात नाहीत.

योद्ध्यांना दुरून न्याहाळण्याची हौस अर्थातच फार जुनी आहे. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात ट्रॉयच्या तटावर बसलेला वृद्ध प्रायम हेलनला एकेक ग्रीक वीर दाखवून हा कोण, तो कोण असे विचारतो. हा उंच, राजबिंडा. तो उंचीने कमी पण छातीने रुंद. शिबिराच्या दोरीबाहेर वही घेऊन उभ्या असलेल्या वार्ताहराचा हा मूळ पुरुष म्हणता येईल. परंतु होमर तेथे थांबत नाही. लगेच अँटेनॉर आठवण सांगतो की ओडिसियस बोलायला उभा राहिला तेव्हा खाली नजर लावून, राजदंड ताठ धरून, एखाद्या अडाण्यासारखा दिसत होता. बोलू लागला तेव्हा मात्र त्याच्याशी बरोबरी करणारा कोणी उरला नाही. अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीच्या कवीला दिसणे आणि असणे यांतले अंतर ठाऊक होते. सराव-शिबिराच्या वार्तापत्रात प्रायम उरला आहे; अँटेनॉरची हकालपट्टी झाली आहे.

कोणी रोलाँ बार्थचा आधार घेऊन प्रतिवाद करील. ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकातील कुस्तीवरील निबंधात बार्थने दाखवले आहे की मल्लाचे शरीर आखाड्यात उतरताक्षणीच त्याची भूमिका जाहीर करते. थुलथुलीत देह पाहूनच प्रेक्षक खलनायक ओळखतो. मग फुटबॉलपटूचे शरीर तसे वाचले तर बिघडले कुठे? बिघडते ते येथे : बार्थ ज्या कुस्तीविषयी बोलतो ती प्रयोगरूप आहे, आणि तेथील वेदना हा एक अभिनीत संकेत आहे हे प्रेक्षकाला पूर्ण माहीत असते. शिबिरातील वेदना अभिनीत नसते. खऱ्या वेदनेला नाटकाचा संकेत म्हणून वाचणे ही चिन्हमीमांसा नव्हे. ती हृदयशून्यता आहे.

या दिसण्यावर पोट अवलंबून असते हेही विसरता कामा नये. आजच्या नियमांनुसार शिबिरात प्रत्येक संघाचे ९० खेळाडू असतात आणि हंगामाच्या तोंडावर ही यादी ५३ वर आणली जाते. म्हणजे प्रत्येक संघातून ३७ नावे खोडली जातात. त्यांतली काही सराव-पथकात परत येतात, बाकीची नाहीत. ज्याचे नाव काठावर आहे तो दुखरा गुडघा दाखवील की लपवील? ‘ताजातवाना दिसतो’ हे वार्ताहराचे वाक्य अनेकदा खेळाडूने कष्टाने उभ्या केलेल्या देखाव्याचे प्रमाणपत्र असते. त्यात या खेळाडूंपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. अर्ध्या चड्डीवर उभे करून उंची, वजन, हातांची लांबी, पंजाची रुंदी मोजण्याचा दरवर्षीचा विधी आणि त्यावरची ‘काय नमुना आहे’ छापाची शेरेबाजी पाहून अमेरिकेतील लेखकांना गुलामांच्या लिलावाचा चौथरा आठवला, तर त्यात अतिशयोक्ती कोणती? विल्यम रोडेन यांनी २००६ साली आपल्या पुस्तकाचे नावच ‘फॉर्टी मिलियन डॉलर स्लेव्ह्ज’ असे ठेवले. मोबदला वाढला म्हणून नजर बदलतेच असे नाही.

‘शरीर हेच त्यांचे भांडवल; त्याविषयी लिहायचे नाही तर कशाविषयी?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. १९६३ साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ या वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादक जॉर्ज प्लिम्प्टन डेट्रॉइट लायन्सच्या शिबिरात हौशी क्वार्टरबॅक म्हणून दाखल झाले. अंगावर शून्य क्रमांकाची जर्सी चढवल्यावर ते खेळाडू दिसत होतेच. सरावसामन्यात मात्र चेंडू हाती येताच संघ पुढे जाण्याऐवजी मागे जाऊ लागला. १९६६ च्या ‘पेपर लायन’ या पुस्तकाची सारी विनोदबुद्धी दिसणे आणि असणे यांच्या या फटीत राहते. पण त्याहून महत्त्वाचे हे, की ते दोरीच्या आत गेले. नवख्या खेळाडूंची धास्ती, यादीतून गळण्याचे भय, जेवणाच्या टेबलावरची थट्टा हे सारे तेथून दिसते. प्रत्येक वार्ताहराने हेल्मेट चढवावे असे आमचे म्हणणे नाही. पण सराव किती तास चालला, ऊन किती होते, कोण कोणत्या दुखापतीनंतर किती आठवड्यांत परतला, एवढे लिहायला हेल्मेट लागत नाही.

दुसरा बचाव असा की विशेषणांनी माणसे मरत नाहीत. मैदानावर डॉक्टर असतात, निर्णय प्रशिक्षकांचे असतात. मान्य. स्ट्रिंगरला कोणत्याही एका वार्तापत्राने मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु डॉक्टर, प्रशिक्षक आणि खेळाडू हे सारे याच भाषेत वाढलेले असतात. ज्या समाजाच्या शब्दकोशात थांबणे या क्रियेला हार याखेरीज दुसरा शब्द नाही, तेथे थांबण्याचा निर्णय कोण आणि कोणत्या शब्दांत घेणार? याच २००१ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोर रेव्हन्सच्या शिबिरावर ‘हार्ड नॉक्स’ ही एचबीओची मालिका सुरू झाली आणि सराव-शिबिर हा रीतसर करमणुकीचा प्रकार झाला. म्हणजे ज्या ऋतूत हे पाहणे एकाच्या जिवाशी आले, त्याच ऋतूत ते विक्रीला निघाले.

नियम पुढे बदलले, हे नोंदवलेच पाहिजे. स्ट्रिंगरच्या पत्नीने लीगविरुद्ध केलेल्या दाव्यात २००९ साली तडजोड झाली. २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावाची संस्था उभी राहिली आणि उष्माघाताच्या प्रतिबंधाचे काम तेथे चालते. २०११ च्या करारानुसार दिवसातून दोनदा पॅड चढवून सराव घेणे बंद झाले. नियमावली सुधारली. गद्य मात्र होते तेथेच आहे. आजही जुलैच्या अखेरीस तीच विशेषणे त्याच क्रमाने निघतात.

आता थोडे आपल्याकडे. आपल्या समीक्षेची विशेषणे आपण कधी तपासली आहेत काय? सकस, कसदार, निकोप, बांधेसूद, पीळदार. आणि उलट बाजूला अशक्त, रोगट, फिकट. कलाकृतीला आपणही दोरीबाहेर उभे राहून न्याहाळतो आणि प्रकृतीचा दाखला देतो. ‘कथा सशक्त आहे’ असे लिहिले की ती कशी घडली आहे हे सांगण्याची जबाबदारी संपते. यात कोणाचा जीव जात नाही, हा फरक मोठा आहे. पण आळस तोच आहे : पाहण्याचे कष्ट टाळून पाहिल्याचा निकाल देणे. विद्यार्थी हाच आळस आपल्याकडून उचलतात आणि उत्तरपत्रिकेत आपल्यालाच परत करतात. अमेरिकन वार्ताहराला दोष देण्याचा अधिकार हवा असेल तर आधी ही विशेषणे गहाण ठेवावी लागतील.

आपल्या घरात कोणी दमून, वाकून, भिंतीला टेकून बसला तर त्याला आपण ‘कसा दिसतोस’ असे विचारत नाही. ‘काय होतंय?’ असे विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर फक्त तोच देऊ शकतो, आणि विचारणाऱ्याला ते ऐकून घ्यावे लागते. ३१ जुलै २००१ च्या सकाळी मॅन्केटोच्या मैदानावर डोळ्यांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती हा प्रश्न वेळेवर आणि मनापासून विचारणाऱ्याची.