बाई, तुमचे कसले पैसे?

हा प्रश्न मला गेल्या अकरा वर्षांत किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले, बासष्टाव्या वर्षी कॅमेरा हातात धरायला शिकले, आणि आज त्र्याहत्तराव्या वर्षी फोटोग्राफी हा माझा व्यवसाय आहे. हौस नव्हे हं, व्यवसाय. दर ठरलेले आहेत, पावतीपुस्तक छापलेलं आहे. माझा दर ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते खरं म्हणजे फोटो काढून ठेवण्यासारखे असतात!

तर मंडळी, आज या पैशांविषयीच चार शब्द. माझं मत आधीच सांगून टाकते. निवृत्तीनंतर ज्याला फोटोग्राफी मनापासून करायची आहे, त्याने लोकांचे फोटो फुकट काढू नयेत.

"पेन्शन येतंय, मुलं मार्गी लागली, आता पैसे कशाला?" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. ऐकायला गोड आहे. पण गावातल्या स्टुडिओवाल्याच्या बाजूने बघा. आधारपासून पासपोर्टपर्यंतचे फोटो आता तिथल्या तिथे, सरकारी कॅमेऱ्यावर निघतात. घरगुती फोटो मोबाईलने खाल्ले. त्याच्या हाती उरली लग्नं, मुंजी, बारशी. त्यातही एखादा पेन्शनर गळ्यात भारी कॅमेरा अडकवून "मी काढतो की, पैसे नकोत" म्हणत शिरला, तर त्याची हौस होते आणि दुसऱ्याची चूल थंडावते. म्हणून गावातला स्टुडिओ जेवढे घेतो, त्याहून एक रुपयाही मी कमी घेत नाही.

दुसरं कारण आपल्या स्वतःच्याच भल्याचं. फुकटच्या फोटोला कोणी नावं ठेवत नाही. डोळे मिटलेले असोत की डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असो, "छान आलाय हं!" म्हणतात आणि विसरून जातात. पैसे मोजलेला माणूस मात्र म्हणतो, "बाई, आईचा पदर नीट नाही आला, परत काढाल का?" मग परत काढावा लागतो, आणि त्यातूनच शिकणं होतं. जी वही तपासली जाणार नाही ती मुलं कशी लिहितात, हे मी ३४ वर्षं पाहिलंय. मोठी माणसं काही वेगळी नसतात.

आता मी काय काढते ते सांगते. लग्नं नाही. आठ तास उभं राहणं गुडघ्यांना झेपत नाही. मी म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढते, त्यांच्या घरी जाऊन. कारण स्पष्टच सांगते, आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी फोटोची शोधाशोध सुरू होते. मग कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून आजींचा चेहरा कापून काढतात, नाहीतर ओळखपत्रावरचा भेदरलेला फोटो मोठा करतात. शेजारणीच्या खांद्याचा तुकडा तसाच राहतो. त्या फोटोला हार घालून पुढची तीस वर्षं तो भिंतीवर. ज्या बाईने त्या घरात सत्तर वर्षं काढली, तिची नातवंडांसाठी हीच आठवण?

हे काम म्हाताऱ्या माणसानेच करावं, असं माझं ठाम मत आहे. पंचविशीतला मुलगा समोर आला की आजी पदर सावरून ताठ होतात. मी गेले की आधी गुडघ्यांवर बोलणं होतं, मग मोतीबिंदूवर, मग सुनांवर, आणि मग चेहरा आपोआप मोकळा होतो. मी खुर्ची खिडकीजवळ किंवा ओसरीत ठेवते, फ्लॅश वापरत नाही. चष्मा काढायला लावत नाही, कारण नातवंडांनी आजीला चष्म्यातच पाहिलेलं असतं. काचेवर उजेड चमकला तर काड्या कानावर जराशा वर उचलायच्या, काचा खाली कलतात आणि चमक जाते.

आता गणित. शाळेत मराठी-इतिहास शिकवलं, पण एवढं गणित येतं. कॅमेरा आणि लेन्स मिळून ७०,००० रुपये. पाच वर्षं चालतील असं धरलं तर वर्षाला १४,०००. वर्षात साधारण ७० कामं होतात, म्हणजे एका कामामागे २०० रुपये कॅमेऱ्याचेच झाले. प्रिंट आणि फ्रेम ६००, रिक्षा १००. एकूण ९००. मी घेते १५००. उरले ६००, तेही तीन तासांच्या कामाचे. "बाईंना पैशाचा सोस" म्हणणाऱ्यांनी हे एकदा वहीत मांडून बघावं.

उतारवयात कॅमेरा धरणाऱ्यांची उदाहरणं आहेत. जपानच्या किमिको निशिमोतो आजी ७२व्या वर्षी शिकल्या आणि स्वतःच्याच धमाल फोटोंमुळे जगभर पोचल्या. २०२५ मध्ये, ९७व्या वर्षी त्या गेल्या. पण माझी आवडती ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५ चा, आपल्या कलकत्त्यातला. १८६३ मध्ये लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा ती ४८ वर्षांची होती, आणि त्या काळी ते काही तरुण वय नव्हे. विरंगुळा म्हणून मिळालेली ती भेट, पण बाईने लवकरच आपल्या फोटोंचे कॉपीराइट नोंदवले, लंडनच्या चित्रविक्रेत्यामार्फत ते विक्रीला ठेवले आणि १८६५ मध्ये तिथल्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने ते विकतही घेतले. सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांची मिळकत भरवशाची नव्हती, तेव्हा पैसाही हवाच होता. तिच्या थोरवीला त्याने काही उणेपणा आलेला नाही.

कॉपीराइटवरून आठवलं. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून कोणाचा फोटो प्रदर्शनात लावायचा असेल तर मी पावतीवरच तशी परवानगी लिहून घेते.

आता अवघड जागेचं दुखणं: माजी विद्यार्थी आणि संस्था. एका संस्थेने स्मरणिकेसाठी तीन दिवस फोटो काढून घेतले आणि शाल-श्रीफळ देऊन बोळवण केली. शालींची चळत कपाटात आहे. लॅबवाला प्रिंटच्या बदल्यात शाल घेत नाही! विद्यार्थ्यांचं मात्र वेगळं. ज्याची खरोखर ऐपत नाही, त्याच्या आईचा फोटो मी काढतेच. पण पावतीवर १५०० लिहिते, खाली "सवलत १५००" लिहिते. सवलत कोणाला द्यायची हे मी ठरवणार, मागणाऱ्याने गृहीत धरायचं नाही.

शरीराची साथ हवी, हेही खरं. व्ह्यूफाइंडरशेजारी डोळ्याचा नंबर जुळवायची छोटी चकती असते, ती कित्येकांना माहीतच नसते. हात थरथरतो, म्हणून मी शटर १/१२५ च्या खाली नेत नाही. आणि मोतीबिंदू असेल तर रंगांवर भरवसा ठेवू नका. त्या डोळ्याला पांढरंही पिवळट दिसतं. माझ्या शस्त्रक्रियेनंतर घरच्या भिंती नव्याने रंगवल्यासारख्या वाटल्या होत्या.

पण एक पथ्य पाळा. कॅमेरा घेतला म्हणून लगेच पावतीपुस्तक छापायला टाकू नका. मी दोन वर्षं घरच्यांचे, झाडांचे आणि घाटावरच्या मांजरांचे फोटो काढले. ते फुकटच होते, कारण तेव्हा शिकत होते मी. काम विकण्याजोगं झालं की मात्र लाजायचं नाही.

असो. "आत्या, घरच्यांना काही सवलत?" असं विचारणाऱ्या समस्त भाचेमंडळींना जाहीर उत्तर: आहे. दहा टक्के. रिक्षाचे वेगळे.