गृहपाठाला गृह कोठे आहे?

प्राथमिक शाळेतील मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ही तक्रार अधिकारी, शिक्षक आणि सुस्थित पालक एकमुखाने करीत असतात. पूर्वी आरोपी सिनेमा होता, पुढे दूरचित्रवाणी आली, आता मोबाइल आहे. फिर्यादी मात्र तेच राहिले आहेत!

वडाळ्याच्या मिठागरांलगतच्या एखाद्या वस्तीत संध्याकाळी सात वाजता जाऊन पाहावे. दहा बाय दहाची खोली, त्यात पाच-सहा माणसे. आई चार घरची भांडी घासून परतेपर्यंत धाकट्याला सांभाळायचे, पाणी भरायचे आणि मग तिसरीतल्या मुलीने मांडीवर वही घेऊन गृहपाठ करायचा. जिला धड गृहच नाही तिने गृहपाठ कोठे करावा? जागा, उजेड, पोटभर अन्न आणि निवांत वेळ यांवाचून लक्ष लागत नाही. या साधनांची वाटणी विषम आहे, म्हणून लक्षाचीही विषम आहे. त्याला मुलांचा आळस म्हणणे म्हणजे वर्गभेदाला स्वभावदोष ठरविणे होय.

यावर ‘दारिद्र्यातूनही मुले पुढे येतातच ना?’ असे विचारले जाते. येतात, परंतु अपवादाचा सत्कार केल्याने नियमाची जबाबदारी टळत नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शिक्षणहक्काचा कायदा अमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडले. त्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन ठरविले. वर्षाचे तास ८,७६०. उरलेल्या तासांची जबाबदारी घरच्या ऐपतीवर सोडली गेली. सुस्थित घर त्या वेळात शिकवणी विकत घेते; मजुराच्या घरी तोच वेळ मुलीच्या श्रमात खर्ची पडतो. आणि परीक्षेत दोघांना एकाच मापाने मोजले जाते!

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. पहिली ते चौथीचा गृहपाठ शाळेतच पुरा व्हावा. दुपारचे अधिवेशन सुटल्यावर महापालिकेच्या प्रत्येक शाळेतील दोन वर्ग रात्री नऊपर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे राहावेत. तेथे पगारी देखरेख आणि मुलांना खाऊ असावा. पैसा नाही, ही सबब देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या तोंडी शोभत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या धोरणाने तेच पुन्हा लिहिले. आकडा कागदावरून खाली उतरलेला नाही.

दोष आपलाही आहे. महागाईविरुद्ध आपण मोर्चे काढले. उजेड असलेल्या एका वर्गासाठी किती काढले? १९३० साली याच वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी निदान एका शाळेचे कुलूप उघडवून दाखवावे. मुलांचे लक्ष कोठे आहे, हे त्यानंतर विचारू.